छावणीचें पाणी

सोलापुरचा भुईकोट किल्ला पाहावयास जाणारा मनुष्य बहुधा तट, बुरूज आणि खंदक पाहून परत येतो. किल्ल्यास लागूनच सिद्धेश्वराचें तळें आहे. तिकडे तो देवदर्शनासाठीं वळतो, किल्ल्याच्या इतिहासाचा भाग म्हणून त्या पाण्याकडे पाहत नाहीं. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, जुन्या लढायांचा इतिहास ज्यास नीट समजून घ्यावयाचा असेल, त्यानें तटाच्या आधीं पाण्याकडे पाहावें. फौज कोठें उतरली, ती कोणतें पाणी प्याली, तिच्या जनावरांनीं तें कोठें गढूळ केलें, आणि तिची शौचाची जागा त्या पाण्यापासून किती अंतरावर होती, ह्या प्रश्नांचीं उत्तरें बखरींत सांपडत नाहींत, आणि सेनापतींच्या खलित्यांतही क्वचितच सांपडतात. तथापि इ. स. १८१८ सालीं ह्या प्रांतांत तोफांनीं व तरवारींनीं जितकीं माणसें मारलीं, त्यांच्याहून कितीतरी अधिक माणसें ह्या प्रश्नांकडे दुर्लक्ष झाल्यामुळें मेलीं. सैनिकाच्या पोटांत रोगाचे जंतु कोणत्या वाटेनें शिरतात, त्याच्या आयुष्यक्रमांतील कोणत्या गोष्टी ती वाट मोकळी करून देतात, आणि हें कळण्यास किती काळ व किती जीव खर्चीं पडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

त्या वर्षींच्या घटना वाचकांच्या परिचयाच्याच आहेत. त्या थोडक्यांत आठवूं. फेब्रुवारींत आष्टी येथें बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह इंग्रजांच्या हातीं गेले. आष्टी हें गांव सोलापूर जिल्ह्यांतलेंच. दुसरे बाजीराव तेथून निसटले. परंतु त्यांचें पायदळ आणि तोफा गणपतराव पानशे ह्यांच्या हाताखालीं सोलापुरच्या तटापाशीं येऊन राहिल्या. दक्षिणेकडून बेळगांव घेऊन ब्रिगेडियर-जनरल थॉमस मन्रो वर सरकला. ९ मे रोजीं तो सोलापुरासमोर आला, दुसऱ्या दिवशीं त्यानें पेठ हल्ला करून घेतली, आणि माघार घेणाऱ्या मराठी फौजेचा प्रिट्झलरच्या स्वारांनीं पाठलाग करून तिची दाणादाण उडविली. मेच्या मध्यास किल्ला स्वाधीन झाला, व ३ जून रोजीं बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. शाळेंत शिकविला जाणारा इतिहास येथें संपतो. परंतु लोकांच्या दृष्टीनें त्या वर्षाचें मोठें संकट अजून यावयाचें होतें. तें उत्तरेकडून चालत येत होतें, आणि तेंही लष्करी वाटेनेंच येत होतें.

त्या काळचें लष्कर म्हणजे काय वस्तु होती, हें ध्यानांत घेतल्यावांचून पुढील हकीकत समजणार नाहीं. मराठ्यांचें असो वा इंग्रजांचें असो, लष्कर म्हणजे एक चालतें शहर असे. एका लढाऊ शिपायामागें कित्येक बुणगे असत : घोड्यांचे मोतद्दार, गवत कापणारे, भिस्ती, पखालवाले, आचारी, बैलांचे हांके, वाणी, धोबी, आणि ह्या सर्वांचीं बायकापोरें. शिवाय हत्ती, उंट, घोडे आणि बैल हजारोंनीं. हें शहर सायंकाळीं एखाद्या नदीच्या वा ओढ्याच्या कांठीं उतरे आणि पहांटे उठून चालूं लागे. कायमच्या वस्तीस जी शिस्त दहा पिढ्यांच्या अनुभवानें लागते — अमुक घाट पाणी भरण्याचा, अमुक धुण्याचा, अमुक जनावरांचा — ती ह्या एका रात्रीच्या शहरास कोठून लागणार? त्यांतून सोलापुरसारख्या अवर्षणाच्या मुलखांत उन्हाळ्यांत नद्यांचे डोह तेवढे उरतात आणि विहिरी तळाशीं जातात. पाणी जितकें थोडें, तितकीं एका पाणवठ्यावर माणसें अधिक; आणि माणसें जितकीं अधिक, तितका एकाचा रोग सर्वांचा होण्यास वेळ कमी. वळवाचा पाऊस झाला कीं ह्या संकटांत भरच पडे. कारण माळावर सांचलेली घाण ओहोळांनीं थेट पिण्याच्या पाण्यांत उतरे.

आतां उत्तरेकडे वळूं. १८१७ च्या पावसाळ्यांत बंगालमधील जेसोर येथें पटकीची भयंकर साथ उद्भवली. त्याच वर्षाच्या शेवटीं गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज हा पेंढाऱ्यांच्या बंदोबस्ताच्या नांवानें मोठी फौज घेऊन बुंदेलखंडांत उतरला होता. पेशवे, भोसले, होळकर ह्या सर्वांस गुंडाळणारा जो डाव त्या हिवाळ्यांत पडला, त्याचें मध्यवर्ती प्यादें म्हणजे ही फौज. नोव्हेंबरांत सिंद नदीच्या प्रदेशांत तिचा तळ पडला असतां पटकीनें तिला गांठलें. पहारेकरी उभ्या जागीं कोसळूं लागले. रस्त्याच्या कडेस पडलेल्यांस उचलून नेण्यास गाड्या पुरेनात, आणि गाड्या ओढणारेही पडूं लागले. आपण मेलों तर ही बातमी शत्रूस कळूं नये म्हणून आपणांस तंबूंतच गुपचूप पुरावें, असें हेस्टिंग्जनें सांगून ठेविलें होतें, अशी हकीकत इतिहासकार देतात. अखेर त्यानें तळ हलविला, बेतवा नदी ओलांडून एरिचजवळच्या उंच व कोरड्या जागीं छावणी नेली, आणि साथ ओसरली.

ह्या प्रसंगाचा जो अधिकृत वृत्तांत बंगालच्या वैद्यक मंडळासाठीं जेम्सन ह्यानें १८२० सालीं प्रसिद्ध केला, त्यांतील दोन आंकडे आमच्या मनांतून जात नाहींत. त्यानें मेलेल्या लढाऊ शिपायांची संख्या ७६४ दिली आहे. बुणग्यांची संख्या मात्र अंदाजानें आठ हजार, म्हणजे त्यांतील सुमारें दहावा हिस्सा, अशी सांगितली आहे. पहिला आंकडा नेमका आहे, कारण शिपायाचें नांव हजेरीपटावर असे, त्याचा पगार निघे आणि त्याच्या मागें वारसास कांहीं देणें लागे. दुसरा आंकडा गोल आहे, कारण बुणग्याचें नांव कोठेंच नसे. ज्यानें शिपायाच्या तोंडाशीं पाण्याची पखाल नेली, तो स्वतः कोणतें पाणी प्याला हें कोणी विचारलें नाहीं. आणि तो मेला तेव्हां त्याची गणतीही झाली नाहीं. सैन्यांतील रोगाचा सारा इतिहास लिहितांना ही त्रुटि लक्षांत ठेवावी लागते. जे मोजले गेले त्यांच्याविषयींच पुढें विचार झाला.

१८१८ च्या उन्हाळ्यांत साथ दक्षिणेस सरकली. मे महिन्याच्या सुमारास ती नागपुराकडे होती. तेथून लष्करी हमरस्त्यानें जालना, औरंगाबाद, अहमदनगर ह्या बाजूस आली. जुलैंत पंढरपुरास, पुढें पुण्यास, आणि ऑगस्टांत पनवेलवरून मुंबईस पोंचली. सोलापुरच्या वेढ्याच्या वेळीं ती ह्या प्रांतापर्यंत आली नव्हती. ती आली किल्ला पडल्यावर दोन महिन्यांनीं, ऐन आषाढींत. त्या वर्षीं पंढरपुरास वारी भरली ती लढाईनें उजाड झालेल्या, रसदेसाठीं दोन्ही फौजांनीं पिळून काढलेल्या मुलखांतून. पोटीं अन्न कमी, नदीस नुकता आलेला गढूळ पूर, वाळवंटांत लाखांची दाटी. यात्रेकरू मोठ्या संख्येनें मेले, आणि जे वांचले ते आपापल्या गांवीं रोग घेऊन परतले. शिपाई आणि वारकरी ह्यांचीं निशाणें निराळीं, चालण्याचा हेतु निराळा; परंतु रोगाच्या दृष्टीनें दोघांची स्थिति एकच होती. दोघेही घरापासून दूर होते, गर्दींत होते, थकलेले होते, आणि दुसऱ्यानें वापरलेलें पाणी पीत होते.

पटकी हा आजार आपल्याकडे त्याच वर्षीं प्रथम आला, असें मात्र कोणी समजूं नये. पोर्तुगीज लेखक गास्पार कोरैया ह्यानें १५४३ सालीं गोव्यांत झालेल्या अशाच एका आजाराचें वर्णन केलें आहे, आणि गार्सिया द ओर्ता ह्या गोव्यांतील वैद्यानें १५६३ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत त्याचीं लक्षणें दिलीं आहेत. ह्या आजारास पोर्तुगीजांनीं जें नांव दिलें तें आपल्या ‘मोडशी’ ह्या शब्दावरून घेतलेलें आहे. मौज अशी कीं, पुढें फ्रेंचांनीं त्याच शब्दाचा ध्वनि ऐकून त्याचें ‘कुत्र्याचें मरण’ अशा अर्थाचें आपल्या भाषेंतलें रूप बनविलें, आणि तेंच युरोपभर कांहीं काळ चाललें. म्हणजे रोग जुना होता आणि त्यास नांवही जुनें होतें. नवी गोष्ट इतकीच होती कीं, १८१७-१८ सालीं हिंदुस्थानच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत एकाच वेळीं मोठमोठ्या फौजा हालत होत्या. जो रोग पूर्वीं एका मुलखांत पेटून तेथेंच विझे, त्यास त्या वर्षीं वाहन मिळालें.

रोग चालत येतो हें सामान्य लोकांस कळत होतें. साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा करून तो गांवच्या शिवेपलीकडे नेऊन पोंचवावयाचा, तेथून पुढच्या गांवानें तो आपल्या शिवेपलीकडे न्यावयाचा, ही चाल आमच्या बाजूस पुष्कळांनीं पाहिली आहे. तिला भोळेपणा म्हणणें सोपें आहे; परंतु रोग वाटेवाटेनें एका वस्तींतून दुसऱ्या वस्तींत जातो, एवढें निरीक्षण त्या चालीच्या मुळाशीं आहे. आणि विशेष हें कीं, मुंबईच्या वैद्यक मंडळानें १८१९ सालीं जो अहवाल छापला, त्यांतही हा रोग माणसांबरोबर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेला जातो असेंच मत पडलें. बंगालच्या वैद्यांस मात्र तें पटलें नाहीं. त्यांनीं हवेस दोष दिला. हेस्टिंग्जची फौज उंच जागीं गेल्यावर बरी झाली, तेव्हां दोष सखल जागच्या दमट हवेंत होता, असें त्यांनीं अनुमान केलें. फौजेनें जागा बदलतांना हवेबरोबर पाणीही बदललें होतें. पण त्या बाजूचा विचार फारसा झाला नाहीं.

पुढें पन्नास वर्षें हा वाद चालला, आणि त्यांत न्याय-अन्यायाचा एक प्रश्न गुंतला. १८६६ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें जी आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, तिनें पटकी पसरविण्याचें एक अतिशय प्रबळ साधन म्हणून हिंदुस्थानांतील यात्रांकडे बोट दाखविलें. पुरी, हरिद्वार, पंढरपूर हीं नांवें तेव्हांपासून आरोग्यखात्याच्या कागदांत वारंवार येऊं लागलीं. यात्रांत साथ पसरते हें खोटें नव्हतें. आम्हीं वर तेंच सांगितलें आहे. परंतु ज्या फौजांच्या तळांवरून १८१८ सालची साथ दक्षिणेंत उतरली, त्यांचें नांव त्या आरोपपत्रांत त्याच जोरानें आलें नाहीं. पुढें पंढरपुरास जाणाऱ्या वारकऱ्यांस लस टोचून घेण्याची सक्ति झाली. ती योग्यच होती. तथापि वारकऱ्यास जो नियम, तोच नियम छावणीस लागला पाहिजे, हें तत्त्व मान्य होण्यास फार उशीर लागला.

छावणीकडे सरकारचें लक्ष गेलें तें निराळ्या कारणानें. १८५७ नंतर गोऱ्या सैन्याची संख्या वाढली, आणि तें सैन्य लढाईवांचूनच मरत आहे असें दिसून आलें. १८५९ सालीं नेमलेल्या शाही आयोगानें १८६३ सालीं अहवाल दिला, त्यांत हिंदुस्थानांतील गोऱ्या शिपायांचें वार्षिक मृत्युमान हजारीं ६९ इतकें निघालें. त्या आयोगासाठीं छावण्याछावण्यांतून आलेले कागद फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं वाचले, आणि त्यांवर जें टिपण लिहिलें त्यांत विहिरी, मोऱ्या, शौचकूप आणि पाणी आणणाऱ्या पखाली ह्यांवर त्यांनीं बोट ठेविलें. त्या स्वतः हवेच्या मताच्या होत्या. परंतु घाण काढा आणि पाणी स्वच्छ करा, असें जें त्यांनीं सांगितलें तें मत चुकीचें असूनही हिताचेंच ठरलें. लष्करानेंही अनुभवानें एक उपाय बसविला : पटकी दिसतांच पलटण बराकींतून उठवावयाची आणि वाऱ्याच्या दिशेस काटकोनांत कूच करून मोकळ्या माळावर तंबू ठोकावयाचे. वाऱ्याचा हिशेब व्यर्थ होता. पण बराकींतील विहीर मागें राही, म्हणून माणसें वांचत.

खरें कारण सांपडलें तें सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं. लंडनमध्यें जॉन स्नो ह्यानें १८५४ सालीं एका पंपाच्या पाण्याचा आणि पटकीच्या मृत्यूंचा संबंध दाखविला. त्याच वर्षीं इटलींत पाचीनी ह्यास रोग्याच्या आंतड्यांत वांकडे जंतु दिसले. आणि १८८४ सालीं रॉबर्ट कॉख ह्यानें कलकत्त्यास राहून ते जंतु रोग्यांत आणि एका तळ्याच्या पाण्यांतही दाखवून दिले. पुढें त्यानें गिनीपिग नांवाच्या लहान प्राण्यांस हा रोग देण्याचा प्रयत्न केला, तेव्हां एक महत्त्वाची गोष्ट उघडकीस आली. जंतु नुसते पाजले तर प्राण्यास कांहीं होत नसे. आधीं सोड्याचें पाणी पाजून जठरांतील आम्ल मारलें, आणि अफूनें आंतड्यांची हालचाल मंद केली, तर रोग जडे. म्हणजे निसर्गानें आपल्या पोटाच्या वेशीवर एक पहारेकरी ठेविला आहे. जठरांतील आम्ल बहुतेक जंतूंस तेथेंच ठार करतें. जंतु फार मोठ्या संख्येनें आले, किंवा पहारेकरीच दुबळा झाला, तरच शत्रु आंत शिरतो.

ह्या ज्ञानाच्या उजेडांत सैनिकाच्या आयुष्यक्रमाकडे पाहिलें, म्हणजे त्याच्यावर हा प्रसंग वारंवार कां येतो हें उलगडतें. पहिलें कारण पाणी : तहानेनें व्याकूळ झालेला शिपाई कूच करतांना मिळेल त्या डबक्यांत तोंड घालतो, पाणी उकळून पिण्याचा हुकूम दुपारच्या उन्हांत टिकत नाहीं. दुसरें कारण दाटी : एका तंबूंत अनेक माणसें, एका भांड्यांत अनेक हात. तिसरें, शौचाची घाई : चर खणण्यास वेळ नाहीं, खणला तर झांकण्यास वेळ नाहीं, आणि मग माशा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं घाण नेतात. चौथें, स्वयंपाकी : विषमज्वरांतून बरा झालेला मनुष्य दिसण्यांत धडधाकट असूनही महिनोन्‌महिने जंतु बाहेर टाकीत राहतो, हें विसाव्या शतकाच्या आरंभीं कळलें, असा एक आचारी साऱ्या तुकडीस पुरतो. पांचवें, नवखेपणा : गांवच्या जंतूंशीं ज्याची लहानपणापासून झटापट झाली आहे त्यापेक्षां नुकताच परदेशांतून आलेला तरुण शिपाई विषमज्वरास लौकर बळी पडे. आणि सहावें, उपास व थकवा : अर्धपोटीं माणसाच्या जठरांतील आम्ल कमी होतें, आणि वेशीवरचा पहारा सैल पडतो.

ह्यांतील दाटीच्या कारणास अगदीं अलीकडे एक चमत्कारिक दुजोरा मिळाला आहे. पोटांत व्रण कां होतात ह्याविषयीं पूर्वीं चिंता, तिखट आणि चहा ह्यांस दोष देत. ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें वॉरेन आणि मार्शल ह्या दोघा वैद्यांनीं १९८२ च्या सुमारास दाखविलें कीं, बहुतेक व्रणांच्या मुळाशीं जठरांतच ठाण मांडून बसणारा एक जंतु आहे. मार्शलनें तर १९८४ सालीं तो स्वतः पिऊन आजारपण ओढवून घेतलें, आणि २००५ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. हेलिकोबॅक्टर पायलोरी असें ह्या जंतूचें नांव. तो आम्लास भीत नाहीं. स्वतःभोंवतीं क्षार उत्पन्न करून आम्लांतच घर करतो. सैनिकांची तपासणी सोपी पडते म्हणून पुष्कळ देशांनीं आपल्या शिपायांच्या रक्तांत त्याचा माग काढला. १९९० सालीं अमेरिकन लष्करांत नव्यानें भरती झालेल्या तरुणांपैकीं सुमारें चौथ्या हिश्शास तो असल्याचें दिसलें. म्हणजे तो त्यांनीं बराकींत यावयाच्या आधीं, लहानपणीं घरूनच आणला होता. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत एक गोष्ट सामान्य निघाली : ज्या घरांत मुलें दाटीनें वाढलीं, एका अंथरुणावर निजलीं, जेथें पाण्याची सोय वाईट होती, त्या घरांतल्यांस हा जंतु अधिक. आणि १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन पाहणींत पाणबुड्यांवरील खलाशांत तो तुलनेसाठीं घेतलेल्या इतर लोकांपेक्षां अधिक आढळला. पाणबुडींत ना ऊन, ना माशी, ना गढूळ ओढा. तेथें आहे ती केवळ दाटी.

ह्या जंतूचा आणि पटकीचा धागाही जुळतो. जो वर्षानुवर्षें जठरांत राहतो, तो पुष्कळांच्या बाबतींत तेथील आम्ल कमी करतो. आणि ज्यांस हा जंतु आहे त्यांस पटकी अधिक जोरानें होते, असें बांगलादेशांतील व पेरूंतील अभ्यासांत दिसून आलें आहे. तेव्हां १८१८ सालच्या शिपायाचें व वारकऱ्याचें पोट त्याच्या लहानपणच्या दाटीच्या घरानेंच आधीं उघडें करून ठेविलें असेल, असें अनुमान करण्यास जागा आहे. रणांगणावर मनुष्य आपल्या घरची गरिबीही बरोबर घेऊन जातो.

हें सर्व ज्ञान विसाव्या शतकाच्या आरंभीं बरेंचसें हातीं आलें होतें. विषमज्वराची लस राइटनें शोधली होती, पटकीची लस हाफकिननें १८९३ पासून हिंदुस्थानांत टोचली होती, विहिरींत पर्मँगनेटचें लाल औषध टाकण्याची रीत हँकिननें रूढ केली होती. तरीही ज्ञान असणें निराळें आणि तें शिपायाच्या तोंडापर्यंत पोंचणें निराळें. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत गेलेली सहावी पुणें डिव्हिजन ही ह्याची साक्ष आहे. तींत १०३, ११० व ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतल्या घरांनीं आपलीं मुलें ह्या पलटणींत धाडलीं होतीं. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुट-अल-अमारा येथें ही फौज वेढली गेली. तैग्रीस नदीचें गढूळ पाणी, रोज घटणारा शिधा, घोड्याचें मांस खाण्यास पुष्कळांनीं दिलेला नकार, आणि मग अतिसार. शरण गेल्यावर उपाशी पोटीं तुर्कांचीं दगडासारखीं बिस्किटें खाऊन कित्येक पोटाच्या विकारानें पडले. आणि रोग पदवी पाहत नाहीं, हेंही त्याच रणक्षेत्रावर दिसलें : बगदाद जिंकणारा जनरल मॉड हा नोव्हेंबर १९१७ मध्यें पटकीनें मेला, आणि एका नाट्यप्रयोगाच्या प्रसंगीं कॉफींत घेतलेलें कच्चें दूध हें त्याचें कारण समजलें जातें.

ह्या गोष्टी आतां जुन्या झाल्या, असें कोणी म्हणेल तर त्यास हैती देशाची हकीकत सांगावी लागते. २०१० सालच्या भूकंपानंतर तेथें संयुक्त राष्ट्रांचें शांतिसैन्य होतें. त्याच ऑक्टोबरांत नेपाळांतून आलेल्या तुकडीच्या तळावरील मैला एका ओढ्यांत, तेथून आर्तिबोनित नदींत गेला, आणि ज्या देशांत निदान शंभर वर्षांत पटकीची साथ नोंदली गेली नव्हती तेथें ती पेटली. सुमारें दहा हजार माणसें मेलीं. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनीं त्याबद्दल खेद व्यक्त करून क्षमा मागितली ती डिसेंबर २०१६ मध्यें, म्हणजे सहा वर्षांनीं. त्या शिपायांस दोष देऊन सुटतां येणार नाहीं. ते शांतीसाठीं गेले होते, आणि त्यांच्यांतील बहुतेकांस आपण कांहीं वाहून नेत आहों ह्याची कल्पनाही नसेल. ज्यानें तळाची मोरी कोठें जाते हें पाहावयाचें, त्यानें तें पाहिलें नाहीं. दोनशें वर्षांपूर्वीं सिंद नदीच्या तळावर जी चूक अज्ञानानें झाली, ती आर्तिबोनितच्या तळावर ज्ञान असून झाली.

आतां पुन्हा सोलापुरास येऊं. १८१८ नंतर येथें इंग्रजांची छावणी बसली. ती गेली तरी ‘लष्कर’ आणि ‘सदर बझार’ हीं वस्त्यांचीं नांवें शहरांत राहिलीं आहेत. नांवांत इतिहास टिकतो, परंतु त्यांत छावणीस पाणी कोणी पुरविलें, मैला कोणी वाहिला आणि साथींत आधीं कोण मेलें, ह्याची नोंद उरत नाहीं. शहराच्या पाण्याचा प्रश्न एकरूकचा तलाव बांधल्यावर हळूहळू मार्गीं लागला. १८६६ सालीं सुरू झालेलें तें काम १८७१ सालीं पुरें झालें. आमच्या मतें सोलापुरच्या इतिहासांत मन्रोच्या हल्ल्यास जेवढी जागा दिली जाते, तेवढी तरी ह्या तलावास मिळावयास हवी. एकानें शहराचा मालक बदलला. दुसऱ्यानें त्यांत राहणाऱ्यांचें आयुष्य वाढविलें.

आमचें सांगणें एवढेंच आहे. ज्यांस ह्या प्रांताचा इतिहास लिहावयाचा असेल, त्यांनीं खलित्यांबरोबर पाणवठ्यांचाही शोध घ्यावा; ७६४ ह्या आंकड्याजवळ थांबूं नये, गोल आठ हजारांत कोण होते हेंही विचारावें. आणि ज्यांच्या घरचा मुलगा आज सैन्यांत आहे, त्यांनीं त्याच्या शौर्याचा अभिमान धरतांना एक साधा प्रश्नही त्यास पत्रांत विचारावा कीं, बाळ, तुमच्या तळावर पाणी कोठून येतें? पूर्वीं हा प्रश्न कोणी विचारला नाहीं. तो विचारण्याची संवय घरांत लागली, तर सरकारास आणि सेनापतींसही त्याचें उत्तर द्यावें लागेल. पुढच्या वेळीं सोलापुरास गेल्यावर किल्ल्याच्या तटावरून सिद्धेश्वराच्या तळ्याकडे जरा वेळ पाहत उभें राहावें, म्हणजे हा प्रश्न विसरणार नाहीं.